माझा मामा पाणी वाचतो



या महिन्याच्या भित्तिपत्रकाचा विषय 'नदी' असा ठरला. गुरुजी म्हणाले, "पुस्तकातले उतरवून आणू नका. स्वतःला माहीत आहे ते लिहा." म्हणून मी माझ्या मामाच्या कामाविषयी लिहीत आहे.

माझा मामा कुंडलिका नदीवर राफ्टचा गाईड आहे. राफ्ट म्हणजे हवा भरलेली मोठी होडी. मुंबई-पुण्याचे पाहुणे कोलाडला येतात, राफ्टमध्ये बसतात, आणि मामा त्यांना खळाळत्या पाण्यातून सुखरूप खाली नेतो. मला वाटायचे, या कामाला नुसती हिंमत लागते. पण दोन वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली आणि माझा हा समज बदलला.

त्या रविवारी काय झाले

मार्च महिना होता. मी आणि माझा धाकटा भाऊ नदीवर गेलो होतो. आमच्या नदीला सकाळी वरून पाणी सोडतात हे आम्हाला माहीत होते. पण त्या दिवशी पाणी उशिरापर्यंत आलेच नाही. आम्हाला वाटले, आज येणार नाही. भाऊ घोट्याएवढ्या पाण्यातून चालत मधल्या मोठ्या धोंडीवर गेला आणि तिथे मासे बघत बसला.

आभाळ निरभ्र होते. पावसाचा थेंब नव्हता. तरी पाणी चढू लागले. आवाज काही झाला नाही. आधी काठावरचे बारीक गोटे दिसेनासे झाले. मग धुण्याचा दगड बुडाला. मी वर पाहिले तोवर माझ्या आणि भावाच्या मध्ये छातीएवढे पाणी धावत होते. भाऊ रडू लागला. मला थोडे पोहता येते. मी फ्रॉक खोचला आणि उडी मारणार, इतक्यात वरून हाक आली, "थांब! उडी मारू नको!"

मामाची राफ्ट येत होती. या राफ्टी सोडलेल्या पाण्याबरोबरच खाली येतात. मामाने मला हाताचा पंजा दाखवून काठावरच थांबवले. मग त्याने पाहुण्यांना काहीतरी हुकूम दिला. राफ्ट धोंडीच्या बाजूने खाली गेली, गर्रकन वळली आणि धोंडीच्या मागे येऊन उभीच राहिली. सगळीकडे पाणी धावत होते आणि तेवढ्या जागी राफ्ट एखाद्या बैलगाडीसारखी थांबलेली! मामाने भावाला उचलून आत घेतले, जॅकेट घातले आणि पुढच्या वळणावर काठावर उतरवले.

संध्याकाळी मामा घरी आला. आईला सगळे कळले होते. ती म्हणाली, "आजपासून दोघांनी नदीचं नाव काढायचं नाही."

मामा म्हणाला, "ताई, असं नाय चालायचं. घर नदीवर, पाणी नदीचं, धुणं नदीवर. जाऊ नका सांगून पोरं थांबतील का? त्यांना नदी शिकवू या."

दुसऱ्या दिवसापासून मामाने आम्हाला नदी शिकवली. तोच धडा मी इथे लिहीत आहे.

हे पाणी येते कुठून?

कुंडलिका नदी सह्याद्रीत उगम पावते, कोलाड-रोह्यावरून वाहते आणि रेवदंड्याजवळ कोर्लईच्या किल्ल्यापाशी समुद्राला मिळते. कोकणातल्या पुष्कळ नद्या उन्हाळ्यात सुकतात. आपल्या नदीला मात्र उन्हाळ्यातही पाणी असते. याचे कारण घाटावर आहे.

पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर मुळशीचे धरण आहे. ते टाटा कंपनीने विजेसाठी बांधले. धरणात आपल्या जमिनी जाणार म्हणून तिथल्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह सुरू केला. त्याचे पुढारी पांडुरंग महादेव बापट. या लढ्यामुळेच लोक त्यांना सेनापती बापट म्हणू लागले. तरी धरण झाले आणि गावे बुडाली. मुळा नदीचे पाणी पूर्वेला भीमेकडे जायचे, पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळायचे. तेच पाणी आता बोगद्यातून आणि मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरते. हे वीजघर १९२७ साली सुरू झाले. पाण्याच्या जोराने तिथली चक्रे फिरतात आणि वीज तयार होते. खाली रवाळजे येथे त्याच पाण्यावर पुन्हा वीज काढतात आणि मग ते कुंडलिकेत येते.

म्हणून लक्षात ठेवा. आपल्या नदीचे पाणी नुसत्या पावसावर चढत-उतरत नाही. विजेची गरज जशी असेल तसे ते सुटते. बहुतेक वेळा सकाळी काही तास सुटते, पण घड्याळ लावून सुटत नाही. आकाश निरभ्र असले तरी पाणी येऊ शकते. "आज आलं नाय म्हणजे येणार नाय असं नसतं," असे मामा म्हणतो.

पाणी वाचायचे कसे?

मामा म्हणतो, "पाण्याखाली काय आहे ते पाणी वरूनच सांगतं. फक्त वाचता आलं पाहिजे." त्याने आम्हाला शेतातल्या वहाळावर नेले. वहाळात विटा मांडल्या आणि आंब्याच्या पानाचे तुकडे सोडले. तुम्हीही हे करून पाहा.

पहिले अक्षर: बाणाचे टोक. दोन दगडांच्या मधून पाणी जाते तेव्हा दोन्हीकडून फेस येऊन मधे बाणासारखा आकार होतो. त्याचे टोक पाणी जाते त्या दिशेला असते आणि आतले पाणी गुळगुळीत दिसते. ती वाट. एकच दगड पाण्याखाली लपला असेल तर बाण उलटा होतो. टोक वरच्या अंगाला आणि दोन्ही पाय खाली पसरलेले. तिथे दगड. टोक खाली तर वाट, टोक वर तर दगड.

दुसरे अक्षर: दगडामागची सावली. विटेच्या वरच्या अंगाला पानाचा तुकडा सोडला तर तो वाहून जातो. विटेच्या लगेच मागे सोडला तर तिथेच घुटमळतो, कधी उलटा विटेकडेच येतो. उन्हात झाडामागे सावली असते तशी ही पाण्यातली सावली. गाईड लोक तिला एडी म्हणतात. त्या रविवारी मामाची राफ्ट धोंडीमागे का थांबली, ते मला या पानाने शिकवले. एडी म्हणजे गाईडची विश्रांतीची जागा. खळाळात शिरण्याआधी तो पुढची एडी शोधून ठेवतो.

तिसरे अक्षर: उलटा फिरणारा फेस. मोठ्या धोंडीवरून पाणी खाली पडले की ते तळाशी जाते आणि वर येऊन परत धोंडीकडेच वळते. तिथे पांढरा फेस असतो. फेसात हवा जास्त, म्हणून माणूस त्यात नीट तरंगत नाही. बंधाऱ्याखाली तर हा फेर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ असतो, बाजूने निसटायला जागा नसते. धोंडीचा खळाळ मोठ्याने आवाज करतो म्हणून आपण घाबरतो. बंधारा साधा, नीटनेटका दिसतो म्हणून आपण त्याखाली डुंबायला जातो. मामा म्हणतो, "मी मोठ्या खळाळात राफ्ट घालीन, पण बंधाऱ्याच्या पायथ्याशी कधीच नाय."

चौथे अक्षर: गाळणी. चहाची गाळणी पाणी जाऊ देते, पूड अडवते. नदीत पडलेले झाड किंवा वाकलेले कळकाचे बेट तसेच असते. पाणी फांद्यांतून जाते, माणूस अडकतो आणि पाणी त्याला दाबून धरते. बुडणारा माणूस झाड दिसले की आधार म्हणून तिकडे जातो, पण तेच सर्वांत वाईट.

या धड्यात थोडे गणितही आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल एवढ्या पाण्याचे वजन १००० किलो होते. आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून गुडघाभर पाणी जोरात धावत असेल तर मोठ्या माणसालाही पाडते.

नदीच्याही इयत्ता असतात

आपल्या शाळेत इयत्ता आहेत तशा खळाळांच्याही सहा इयत्ता जगभर ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे संथ वाहते पाणी. दुसरी म्हणजे लहान लाटा आणि सरळ वाट. तिसरीत लाटा मोठ्या, वाट शोधावी लागते. चौथी आणि पाचवीत एक चूकही महागात पडते. सहावी म्हणजे जवळजवळ अशक्य. कुंडलिकेवर मुख्यतः दुसरी आणि तिसरी इयत्ता आहे. नदीला सातवी नाही, असे मी मामाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणून तू माझ्या पुढे गेलीस." पण एक फरक आहे. आपण तिसरीतून चौथीत वर्षाने जातो. नदी पाणी चढले की तासाभरात वरच्या इयत्तेत जाते.

गाईडचा दिवस

मामा पहाटे उठतो. आधी राफ्टची हवा बघतो. राफ्टमध्ये हवेचे वेगवेगळे कप्पे असतात, म्हणजे एक फाटला तरी ती बुडत नाही. उन्हात हवा फुगते आणि थंड पाण्यात आकसते, म्हणून ती पुन्हापुन्हा तपासावी लागते. मग तो दोराची पिशवी, शिट्टी, हेल्मेट आणि जॅकेटे बघतो.

पाहुणे आले की मामा प्रत्येकाच्या जॅकेटचे पट्टे स्वतः ओढतो. खांद्याला धरून जॅकेट वर उचलतो. ते कानापर्यंत वर आले तर ढिले आहे असे समजायचे. कोणी म्हणतो, "मला उत्तम पोहता येतं, जॅकेट नको." मामा हसून म्हणतो, "मलाही येतं. पण मी घातलंय ना?"

मग हुकूम शिकवतो. फॉरवर्ड म्हणजे पुढे वल्हवा. बॅक म्हणजे उलटे वल्हवा. स्टॉप म्हणजे थांबा. गेट डाऊन म्हणजे खाली बसून दोर धरा. मामा स्वतः राफ्टच्या मागच्या टोकाला बसतो, म्हणजे त्याला पाणी आणि माणसे दोन्ही दिसतात. सोबत एक छोटी कयाक असते. कोणी पडला तर कयाकवाला धावतो. रवाळज्याकडून खाली सुमारे १२ किलोमीटर असा हा प्रवास असतो.

नदीत डावे-उजवे सांगायचाही नियम आहे. पाणी जिकडे जाते तिकडे तोंड करून उभे राहायचे, मग डाव्या हाताचा तो डावा काठ. आपल्या डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्यांना डावा आणि उजवा म्हणतात, तेही याच नियमाने. आणि खुणेचा नियम असा की बोट नेहमी वाटेकडे दाखवायचे, धोक्याकडे कधीच नाही. आवाजात शब्द ऐकू येत नाहीत. बोट दगडाकडे केले तर माणूस दगडाकडेच जाईल. हा नियम मला फार आवडला.

मागच्या ऑगस्टमध्ये एक गोष्ट झाली. पाऊस खूप होता. पाणी तांबडे झाले होते आणि त्यातून ओंडके येत होते. पाहुणे लांबून आले होते. ते म्हणाले, "आम्ही घाबरत नाही." मामा म्हणाला, "मी घाबरतो." राफ्ट निघाली नाही. पाहुणे रागावून गेले आणि मामाची त्या दिवसाची मजुरी बुडाली. मामी म्हणाली, "गेले तर गेले पैसे." मला वाटते, 'मी घाबरतो' असे चारचौघांत म्हणायला जास्त हिंमत लागते.

जुन्या हकीकती

गुरुजींनी मला वाचनालयातून माहिती काढायला मदत केली. अमेरिकेत कोलोराडो नावाची नदी फार खोल दरीतून वाहते. १८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल नावाचा एक शास्त्रज्ञ ९ सोबत्यांना घेऊन लाकडी होड्यांतून त्या दरीतून गेला. त्याचा उजवा हात लढाईत गेलेला होता. २४ मे रोजी १० माणसे आणि ४ होड्या निघाल्या. एक होडी खडकावर फुटली आणि तिच्याबरोबर धान्यही गेले. एकाने वाटेत साथ सोडली. शेवटी एका भयंकर खळाळापाशी तिघांनी पुढे जायला नकार दिला. ते दरी चढून गेले आणि पुन्हा जिवंत दिसले नाहीत. बाकीचे तो खळाळ पार करून ३० ऑगस्ट रोजी बाहेर आले. तेव्हा ६ माणसे उरली होती.

त्या होड्यांत वल्ही मारणारे पाण्याकडे पाठ करून बसत. पुढे १८९० नंतर नॅथॅनियल गॅलोवे नावाच्या एका शिकाऱ्याने होडी फिरवली आणि खळाळाकडे तोंड करून वल्हवायला सुरुवात केली. त्याला समोरचे पाणी दिसू लागले, होडीचा वेगही कमी करता येऊ लागला. एवढ्या साध्या बदलाने काम सोपे झाले. मामाला हे वाचून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "बघ, पाण्याकडं पाठ करायची नाय."

मुलींसाठी एक माहिती. १९३८ साली एलझाडा क्लोव्हर आणि लोइस जॉटर या दोघी वनस्पती गोळा करायला त्याच दरीतून होडीने गेल्या. संपूर्ण ग्रँड कॅन्यन होडीने पार करणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया.

आपल्या देशातली हकीकत अशी. एव्हरेस्ट चढणारे एडमंड हिलरी १९७७ साली वेगवान बोटी घेऊन गंगासागरापासून गंगेतून उलटे वर निघाले. नंदप्रयागजवळ धबधबा आडवा आला. तिथे बोटी थांबल्या. एव्हरेस्ट चढलेल्या माणसाच्या बोटींनाही पाण्यापुढे थांबावे लागले.

एवढे लक्षात ठेवा

१. पाणवठ्यावर गेल्यावर आधी पाण्याच्या कडेला एक गोटा खूण म्हणून ठेवा. गोटा बुडाला की सगळे सोडून वर या. कपडे राहिले तर राहू द्यात.

२. नदीच्या मधल्या धोंडीवर जाऊन बसू नका.

३. धावत्या पाण्यात पडलात तर उभे राहू नका. पाय दगडात अडकतो आणि पाणी वरून दाबते. उताणे व्हा, पाय पुढे आणि वर ठेवा, आणि हळूहळू काठाकडे सरका.

४. समोर आडवे झाड दिसले तर लांबूनच बाजूला व्हा.

५. बंधाऱ्याखाली डुंबू नका.

६. कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारू नका. एकाचे दोन होतात. काठी पुढे करा. दोर फेका. रिकामा, झाकण घट्ट लावलेला प्लास्टिकचा कॅन फेका. मोठ्याने ओरडून माणसे बोलवा. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळू नका, नुसता धरा.

सहावा नियम लिहिताना माझा हात थांबला. त्या दिवशी मी खोचलेला फ्रॉक मला आठवतो. मामाने हाक मारली नसती तर मी उडी मारली असती. मला वाटले असते की मी शूर आहे.

पालकांना विनंती

शहरातून येणारे पाहुणे वर्षातून एकदा नदीवर येतात. त्यांच्या अंगात जॅकेट असते, डोक्यावर हेल्मेट असते आणि मागे माझ्या मामासारखा माणूस बसलेला असतो. आपण रोज नदीवर जातो. आपली आई धुणे घेऊन जाते, आपण डुंबायला जातो. आपल्याकडे काहीच नसते.

म्हणून माझी एक विनंती आहे. आमच्या पाणवठ्यावर मामाने आणि बाबांनी एक खांब पुरला आहे. त्याला २० मीटर दोर आणि तेलाचा रिकामा कॅन टांगून ठेवला आहे. फार खर्च आला नाही. कोणी दोर काढून नेऊ नये म्हणून आजी अधूनमधून बघून येते. असा खांब प्रत्येक वाडीच्या पाणवठ्यावर असावा. येत्या पालकसभेत हा विषय घ्यावा.

आमच्या आईने नदीबंदी मागे घेतली आहे. आता ती धुण्याला बसली की आधी खुणेचा गोटा ठेवते आणि अधूनमधून त्याच्याकडे बघते. भाऊ शेजारी बसून बाणाची टोके शोधत असतो. परवा त्याने विचारले, "आई, तुला वाचता येतं का हे?"

आई म्हणाली, "येतं थोडं थोडं. शिकतेय."